डोंगर नवा, कुत्री लहान : ग्राउसच्या पहिल्या हंगामासाठी सल्ला हवाय

प्रतापनगरचा_पोट्टा
मंडळी, भांडणं टाळायला आधीच सांगतो, ही शिकार भारतातली नाही. मी सध्या सुट्टीवर नागपुरात आहे, नोकरी अमेरिकेत. आतापर्यंत ह्यूस्टनला होतो, मे महिन्यात कोलोरॅडोत गनिसनला बदली झाली. गाव साडेसात हजार फुटांच्या वर आणि जिकडे बघावं तिकडे डोंगर. टेक्सासात ऑफिसच्या लोकांबरोबर लाव्यांच्या शिकारीला जायचो, तिथून ही हौस लागली. पण ती सगळी सपाटी. गाडीतून उतरा, कुत्रे सोडा, चालायला लागा.

आता माझी स्वतःची कुत्री आहे. ब्रिटनी जातीची, डिसेंबरचा जन्म, पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, म्हणून नाव संत्री. सध्या ती गनिसनलाच एका मित्राकडे आहे, मी ऑगस्टच्या मध्यावर परततोय. १ सप्टेंबरला डस्की ग्राउसचा हंगाम उघडतो. मला डोंगरातलं ओ की ठो कळत नाही. नकाशा उघडला की सगळीकडे हिरवंच हिरवं दिसतं, त्यात पक्षी शोधायचा कुठे? नऊ महिन्यांच्या कुत्रीला एवढं चढवावं का? आणि पहिल्या वर्षी बंदूक न्यावी की तिला नुसतं फिरवून आणावं? इथं कुत्री पाळणारे, जंगल फिरलेले बरेच आहेत, शिवाय परदेशातलेही आहेत, म्हणून विचारतोय.

तर्री_जास्त
ग्राउस म्हणजे आपला तितर का बे?

मिसूलाकर
@तर्री_जास्त, लांबचा नातेवाईक म्हण. गावठी कोंबडीएवढा असतो, नर सव्वा किलोच्या आसपास. नाकपुड्यांवर पिसं आणि पायांवरही पिसं, बर्फातला पक्षी आहे. आपल्याकडे माळरानावर जी पखुर्डी दिसते तिला इंग्रजीत सँडग्राउस म्हणतात, पण तिचा आणि ह्याचा काही संबंध नाही.

पोट्ट्या, मी मूळचा लक्ष्मीनगरचा, आता मोंटानात. आमच्याकडे हाच पक्षी आहे. रात्री सविस्तर लिहितो.

नवेगाव_बांध
वाचून वाईट वाटलं. इथं आम्ही बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्रभर डासांना रक्त पाजत प्राणी मोजतो आणि आपल्याच गावचा मुलगा विचारतो की पक्षी मारायला कुठे जाऊ. तिथे कायद्यानं चालत असेल, म्हणून विचारूच नये असं थोडंच आहे? सुपरमार्केटात कोंबडी मिळत नाही का?

तर्री_जास्त
मिळते. पण थे उडत नाई ना.

प्रतापनगरचा_पोट्टा
@नवेगाव_बांध, राग समजू शकतो. मी मारलेलं खातो, जे खाणार नाही ते मारत नाही. दिवसाला तीन पक्ष्यांची मर्यादा आहे आणि डोंगरात एक मिळाला तरी नशीब म्हणतात. सुपरमार्केटातली कोंबडी जन्मभर बंद शेडात असते. ह्यात मी फार सज्जन ठरतो असं म्हणणं नाही, पण तिच्यापेक्षा ह्या पक्ष्याचं आयुष्य बरं गेलेलं असतं.

हिवाळी_अधिवेशन
नवेगावभाऊंच्या भावनेचा आदर आहेच, पण एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्याची फीसुद्धा तिकडेच. त्यांची व्यवस्था शिकाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली, आपण १९७२ चा कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती ह्यांनी शिकारच बंद केली. दोन्ही देशांत जंगलं वाचली ती वेगवेगळ्या वाटांनी.

आता @प्रतापनगरचा_पोट्टा, कुत्री वगैरे राहू द्या. व्हिसा कोणता तुमचा?

प्रतापनगरचा_पोट्टा
एच-वन-बी.

हिवाळी_अधिवेशन
मग नीट वाचा. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. अपवाद मोजके, त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार-परवाना हातात असणं. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात तशीच राहिली तर तुम्ही घरबसल्या गुन्हेगार. टेक्सासचे परवाने ३१ ऑगस्टला संपतात, तुमचाही तोच असणार. म्हणजे १ सप्टेंबरची पहाट उजाडायच्या आत कोलोरॅडोचा परवाना पाहिजे. शिकारीपुरता नाही, बंदूक घरात ठेवण्यापुरतासुद्धा.

आणि तो परराज्यवाल्यांच्या दरानेच मिळेल. तिथे रहिवासी ठरायला सलग सहा महिने राहावं लागतं, तुम्ही मे मध्ये आलात. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेच्या कोर्सचं कार्ड लागतं, टेक्सासचं असेल तर चालतं.

ग्रीन कार्ड झालं की व्हिसाची ही भानगड संपते.

प्रतापनगरचा_पोट्टा
बाप रे. परवाना सप्टेंबरात जाऊन काढू असंच डोक्यात होतं. कोर्सचं कार्ड आहे. धन्यवाद साहेब.

काटोलकर
पोट्ट्या, बंदुकीची घाई करू नको. माह्याकडे पॉइंटर आहे. संत्र्याच्या बगीच्यात सोडला का तितराच्या वासावर असा थिजते का तुले वाटन पुतळाच बसवला. बंदूक नाई, काई नाई. कुत्र्याले वास अन् पक्षी यायचं नातं कळलं पाह्यजे, मंग बाकी आपोआप येते. शायेतलं पोट्टं अन् लहान कुत्रं, दोघायले पहिल्याच दिवशी परीक्षेले बसवू नये.

हिवाळी_अधिवेशन
काटोलकर, तुम्ही हे जाहीर लिहू नका हो. आपल्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, हाकलणं, कुत्रा मागे सोडून पाठलाग, फासे, आमिष, आणि ह्यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं 'शिकार' ह्या व्याख्येत बसतं.

काटोलकर
माह्या बगीच्यात माह्या कुत्र्यानं उभं पण राहू नये का?

हिवाळी_अधिवेशन
उभा राहू द्या. उडवायला पाठवू नका.

मचाण
वनखात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हे वाचून हात शिवशिवले, टाइप करायला. लहानपणी भंडाऱ्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घेऊन यायचे. पिंजरा बांधावर ठेवायचा, भोवती फासे लावायचे. पाळलेला नर ओरडला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून भांडायला धावत यायचा आणि पाय अडकायचा. त्या लोकांना कुठला तितर कुठल्या बांधावर, हे पाठ असायचं. पुढे कायदा आला आणि त्यांचं ज्ञान रातोरात गुन्हा झालं. पोट भरायची दुसरी सोय मात्र कोणी तेवढ्या तत्परतेनं केली नाही. असो, विषय तो नाही.

विषयाचं सांगतो. अनोळखी रानात पक्षी शोधू नये, त्याचं खाणं शोधावं. हा नियम नागझिऱ्याला चालतो तर तुमच्या कोलोरॅडोलाही चालेल.

मिसूलाकर
मचाणकाका, अगदी बरोबर. आता माझं लांबलचक ऐक पोट्ट्या.

डस्की ग्राउसची गंमत अशी की तो बाकी प्राण्यांच्या उलटा वागतो. एल्क (तिथलं मोठं हरीण) आणि बाकी हरणं थंडी पडली की खाली उतरतात. हा थंडीत वर चढतो. वसंतात आणि उन्हाळ्यात खालच्या बाजूला, सेजब्रशची झुडपं आणि अॅस्पेनची झाडी जिथे मिळते तिथे अंडी-पिल्लं करतो. हिवाळ्यात वरच्या दाट सूचिपर्णी रानात जाऊन डग्लस फरच्या सुया खात बसतो. एवढ्या बर्फात दुसरं फारसं कोणी त्या सुयांना तोंड लावत नाही, त्यामुळे स्पर्धा कमी. १ सप्टेंबरला तो ह्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर असतो. माद्या पिल्लांना घेऊन अजून खालच्या मोकळ्या कडांना, आणि म्हातारे नर कधीच वर पोचलेले.

म्हणून नकाशावरचं हिरवं सोड. उपग्रहाचं चित्र उघड आणि जिथे झाडी संपून गवत सुरू होतं ती कड बघ, त्यातही डोंगराच्या सोंडेवरची. तुझ्या भागात साडेआठ ते दहा हजार फुटांच्या पट्ट्यात सुरुवात कर. त्या कडेला सर्व्हिसबेरी किंवा चोकचेरीची झुडपं असतील, गवतात नाकतोडे उडत असतील आणि खाली जवळपास झरा असेल तर तिथे थांब. सकाळी पक्षी उघड्यावर चरतात, ऊन चढलं की झाडाखाली सावलीत जातात. झाडं, फळं, गवत ह्यातली एकच गोष्ट असेल तर पुढे चालू लाग.

चालायचं कसं? आधी चढ संपव, मग सोंडेवरून आडवं चाल. बहुतेक नवे लोक दिवसभर चढ-उतार करतात आणि दुपारी मेलेले असतात. उडाला की हा पक्षी उताराकडे झेपावतो आणि समोरच्या दरीत नाहीसा होतो, नाहीतर जवळच्या फरवर जाऊन बसतो. दरीत गेला तर जाऊ दे. मागे उतरलास तर परत चढायचं तुलाच आहे.

पहिला पक्षी मिळाला की गाडीपर्यंत थांबू नकोस, तिथेच त्याची गळ्यातली अन्नाची पिशवी उघडून बघ. नाकतोडे निघाले तर गवताची कड धर, बेऱ्या निघाल्या तर ते झुडूप ओळखून ठेव, सुया निघाल्या तर आणखी वर जा. दहा यूट्यूब व्हिडिओंपेक्षा ती पिशवी जास्त सांगते.

प्रतापनगरचा_पोट्टा
हे सोनं आहे राव. प्रिंट काढून ठेवतो.

तर्री_जास्त
पिशवी उघडून पाहाची आयडिया मले भयानक आवडली. सावजीवाल्याकडं जाऊन आता मीही विचारतो, कोंबडीनं काय खाल्लं होतं.

मिसूलाकर
एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं. गनिसनच्या सेजब्रशच्या माळावर आणखी एक ग्राउस असतो, गनिसन सेज-ग्राउस. २००० साली ती वेगळी जात म्हणून मान्य झाली आणि २०१४ पासून केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे. त्याला हात लावायचा नाही. आकार मोठा, शेपटीची पिसं लांब आणि टोकदार, पोट काळं. डस्कीची शेपटी चौकोनी, गडद. डस्की झाडीच्या कडेनं, सेज-ग्राउस उघड्या सेजमध्ये, पण कड दोघांची एकच असू शकते. तुला खात्री नसेल तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही.

दुसरं, तिथे खाजगी जमिनीवर पाटी लावायची सक्ती मालकावर नाही. पाटी दिसली नाही म्हणून आत गेलो, हे कारण चालत नाही. राष्ट्रीय वनात, म्हणजे सरकारी जमिनीवर राहा आणि हद्दी दाखवणारं अॅप फोनमध्ये आधीच उतरवून ठेव, वर रेंज नसते.

डॉ_शेपटी
नागपुरात प्राण्यांची डॉक्टर आहे, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले. शिकार माझा प्रांत नाही आणि आवडही नाही, पण संत्रीबद्दल बोलते, तिनं काही कोणाचं बिघडवलेलं नाही.

नऊ महिन्यांत मध्यम जातीच्या कुत्र्याची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात. वर्षाच्या आसपास वाढीच्या जागा बंद होतात, काहींच्या त्याहून उशिरा. तोवर मोकळं पळणं, चढणं ठीक, कारण ती आपल्या मनानं थांबते. त्रास होतो तो माणूस थांबत नाही म्हणून. सकाळचे दोन-तीन तास पुरे. कोसळलेल्या दगडांच्या उतारावरून उड्या नकोत. पंजांच्या गाद्या रोज बघा, दोन बोटांच्या मधली जागासुद्धा.

पाणी. सोंडेवर पाणी नसतं आणि सप्टेंबरात तिथे दुपारी चांगलं ऊन असतं असं ऐकलंय. तिच्यासाठी वेगळी बाटली न्या आणि ती मागेपर्यंत थांबू नका, तुम्हाला आठवेल तेव्हा द्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की आणीबाणी. जीभ रुंद होऊन लोंबणं, घट्ट लाळ, पाय लटपटणं दिसलं की शिकार संपली. सावली, अंगावर गार पाणी, वारा, आणि थेट दवाखाना. नागपूरच्या मे महिन्यात मी हे इतकं बघते की सांगायला नको.

उंचीची काळजी तिची करू नका. ती तिथेच आहे, तिला सवय झाली आहे. तुम्ही ३१० मीटरवर तर्री पोहे खात बसला आहात, धाप तुम्हाला लागणार.

प्रतापनगरचा_पोट्टा
डॉक्टर, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसते आहे. बंदुकीच्या आवाजाचं काय करू? तिनं अजून ऐकलेला नाही.

डॉ_शेपटी
गोळीबाराच्या मैदानावर नेऊन "सवय होईल" म्हणू नका. दिवाळीत पलंगाखाली शिरलेली कुत्री दरवर्षी माझ्याकडे येतात, त्यातल्या कित्येकांना कोणीतरी "सवय होईल" म्हणून गच्चीवर नेलेलं असतं. आवाज लांबून, बारीक, आणि ती आनंदात असताना. खाताना, खेळताना. कान टवकारून पुन्हा खाण्यात रमली तर पुढच्या वेळी थोडं जवळ. दचकली तर मागे या आणि काही दिवस विषयच काढू नका. आवाजाची भीती बसायला एक क्षण लागतो, घालवायला कधीकधी जन्म पुरत नाही.

काटोलकर
म्हणून तं म्हटलं, यंदा बंदूक घरीच ठेव.

मिसूलाकर
इथे मी असहमत. नुसतं फिरवलं तर तिला वाटेल पक्षी म्हणजे पाठलाग करायची वस्तू. पॉइंट धरला (म्हणजे वासावर थिजून उभी राहिली), मालक आला, पक्षी उडाला, पडला, तोंडात आला, हे पूर्ण चक्र एकदा तरी झालं पाहिजे. फक्त नियम कडक ठेव. तिनं स्थिर धरलेल्या पक्ष्यावरच गोळी. तिनं स्वतः उडवला तर कितीही सोपा असो, जाऊ दे. जमिनीवरचा आणि कमरेच्या खाली उडणारा पक्षी कधीच नाही, कारण त्या उंचीवर कुत्रीही असते.

काटोलकर
अन् ज्यानं पहिल्यांदा डोंगर पाह्यला त्याचं ध्यान कुत्रीवर राहीन का बंदुकीवर?

मिसूलाकर
हे मात्र मान्य. मग मधला मार्ग : कुत्री सांभाळतो तो मित्र आहेच. सुरुवातीला बंदूक त्याच्याकडे, शिट्टी तुझ्याकडे. तो शिकारी नसेल तर काटोलकरांचं ऐक आणि पहिला पंधरवडा बंदुकीशिवाय जा. सप्टेंबरभर पक्षी कुठे जात नाहीत, हंगाम नोव्हेंबरपर्यंत आहे.

प्रतापनगरचा_पोट्टा
मित्र शिकारी आहे, पण एल्कचा. त्याच्या मते पक्ष्यांच्या मागे डोंगर चढणं म्हणजे वेडेपणा.

मिसूलाकर
मग त्यालाच विचार पक्षी कुठे उडतात. एल्कवाले पहाटे अंधारात चढतात आणि पायाखालून ग्राउस फडफडून उडाला की शिव्या घालतात. त्यांना जागा अचूक माहीत असतात, किंमत नसते.

नवेगाव_बांध
मी परत आलो. शिकार पटत नाही, पण कुत्रीचं भलं व्हावं म्हणून विचारतो. तिथे अस्वलं, लांडगे नाहीत का?

मिसूलाकर
काळी अस्वलं आहेत, ती बहुधा आधीच निघून जातात. लांडगे डिसेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडोत सोडले, संख्या कमी आहे. खरी भीती मूसची. हरणाच्याच कुळातला, पण घोड्याहून उंच, त्याच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगा, तो पळत नाही, अंगावर येतो. आणि कुत्रं घाबरून धावत येतं ते मालकाकडेच, मागून मूस. ओढ्याकाठच्या विलोच्या दाट झुडपांत तिला सोडू नकोस. हाक मारली की परत येणं हे पॉइंटच्याही आधी शिकव. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.

साळिंदरही असतात, ते झाडावरसुद्धा चढतात. काट्यांना उलटे बारीक आकडे असतात, म्हणून कापायचे नाहीत. पक्कड खिशात ठेव, थोडे असतील तर मुळाशी धरून सरळ ओढ, तोंडात किंवा डोळ्याजवळ असतील तर डॉक्टर.

मचाण
विजांचं कोणी बोललं नाही. उंच सोंडेवर दुपारी ढग जमले की खाली उतरावं, झाडाखाली थांबू नये. मेळघाटात माणसं गेलेली पाहिली आहेत.

मिसूलाकर
काका, बरोबर. तिथे जुलै-ऑगस्टात दुपारची वादळं रोजची, सप्टेंबरच्या सुरुवातीलाही असतात. बाराच्या आत सोंड सोडायची. आणि ऑक्टोबरात एल्कच्या रायफली सुरू होतात, तेव्हा तू आणि संत्री दोघांनीही भडक नारिंगी घाला. तिचा अंगचा नारिंगी रंग लांबून हरणासारखा दिसतो.

महालातली_काकू
एवढं सगळं झालं, शिजवायचं कसं ते कोणी सांगेना. सावजी मसाल्यात घातलंत तर पक्षी कुठला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बेरी खाल्लेल्या पक्ष्याला तेल-तिखटात कशाला बुडवायचं? छातीचं मांस तुपावर मीठ-मिरीत परता, आतून किंचित गुलाबी असताना उतरवा. मांड्या कडक, त्यांचा रस्सा करा.

तर्री_जास्त
काकू, महालात राहून सावजीच्या विरोधात? गावात फिरनं मुश्कील होईन.

मिसूलाकर
काकू, डिसेंबरात मारलेल्याला सुयांचा वास येतो असं आमच्याकडचे म्हणतात, त्याला सावजी चालेल. आणि पोट्ट्या, शिजवायच्या आधी एक पंख कापून ठेव. कोलोरॅडोत जंगलाच्या रस्त्यांवर खात्यानं पिंपं ठेवलेली असतात, त्यात टाकायचा. पंखावरून पक्षी यंदाचा की जुना, नर की मादी ते कळतं, त्यावरून पिल्लं किती जगली ह्याचा अंदाज येतो.

नवेगाव_बांध
हे आवडलं. म्हणजे मोजणी तिथेही आहे.

काटोलकर
पोट्ट्या, माह्या ओळखीत एक पॉइंटरचं पिल्लू आहे, नेतो का सोबत? संत्रीले जोडी होईन.

डॉ_शेपटी
नको! रेबीजसाठी अमेरिकेच्या यादीत भारत जास्त धोक्याचा देश आहे. ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्रा तिथे आत घेतच नाहीत. मोठ्याला मायक्रोचिप, लस, रक्ताची तपासणी, आणि तिथल्या मान्यताप्राप्त केंद्रात आधीच नोंदणी. विमानतळावर रडायची वेळ येईल.

आणि संत्रीचं डिस्टेंपरचं लसीकरण चालू आहे ना? रानात नेणाऱ्या प्रत्येकाला विचारते. २०१८ मध्ये गीरचे सिंह त्याच विषाणूने दगावले. पाळीव कुत्र्यानं रानात जाताना हे घेऊन जाऊ नये.

प्रतापनगरचा_पोट्टा
लशी सगळ्या झाल्यात डॉक्टर. आता ठरलेलं लिहितो. परवाना ऑगस्टातच. आवाजाचं काम डॉक्टरांच्या पद्धतीनं, ते जमेल तेव्हाच बंदूक निघेल. तोवर शिट्टी आणि पाण्याच्या बाटल्या. मित्राला काल फोन करून विचारलं, पक्षी कुठे उडतात म्हणून. त्यानं तीन सोंडा नकाशावर खुणा करून पाठवल्या, वर विचारलं की "एवढंच हवं होतं?" तिन्ही गवताच्या कडेला आहेत. एक प्रश्न उरला, गळ्यात घंटी बांधू की जीपीएसचा पट्टा?

मिसूलाकर
दोन्ही. दाट अॅस्पेनमध्ये घंटी थांबली की कळतं तिनं पॉइंट धरला. कुठे धरला ते जीपीएस सांगतो. पैसे एकाचेच असतील तर जीपीएस घे, नव्या डोंगरात कुत्री हरवणं परवडत नाही.

हिवाळी_अधिवेशन
ऑगस्टात कशाला, परवाना आज ऑनलाइन निघतो.

प्रतापनगरचा_पोट्टा
काढतो साहेब, जेवून बसतोच.

तर्री_जास्त
जेवाले काय आहे?